साठीवरील महिला : हरकत नाही

उरकुडे काकांनी वणीतली एकोणीस कुटुंबं बर्फावर घसरायला पाठवली आणि एकोणीसच्या एकोणीस हातपाय शाबूत ठेवून परत आणली. त्यांनी स्वतः बर्फ पाहिला होता तो फक्त रसवंतीत, गोणपाटाखाली झाकलेला. ही गोष्ट ते लपवत नसत. कोणी विचारलंच तर म्हणत, "पाह्यला ना. लादी पाह्यली. डोंगर भरून नाही पाह्यला." आणि लगेच आपल्या वहीकडे वळत, कारण प्रश्न विचारण्याचं काम त्यांचं होतं, आपलं नव्हतं.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो माझ्या मुलीमुळे. ओवी तेव्हा आठ वर्षांची होती. तिने मोबाईलवर कुठलंसं कुटुंब पायाला पट्ट्या बांधून बर्फावरून सरसर उतरताना पाहिलं आणि आठवडाभर घरात दुसरा विषय निघू दिला नाही. मी शाळेत भूगोल शिकवतो. हिमनदीचा धडा बावीस वर्षं शिकवला होता, बर्फ न पाहता. शिक्षकांच्या खोलीत मी हे बोललो तर तिघांनी एकदम सांगितलं, "उरकुडे काकांकडे जा." म्हणून एका रविवारी मी, माझी बायको वैशाली आणि ओवी असे तिघं चंद्रपूर रस्त्यालगतच्या त्यांच्या घरी गेलो.

मला वाटलं होतं, गाडी कोणती, हॉटेल कोणतं, याबद्दल बोलणं होईल. काकांनी चष्मा लावला, लांबुडकी वही उघडली आणि मला विचारलं, "सर, पायऱ्या उतरतानी पयले कोन्ता पाय टाकता?" मला माहीत नव्हतं. त्यांनी मला ओट्याच्या तीन पायऱ्या तीनदा उतरायला लावल्या आणि लिहिलं, उजवा. मग विचारलं, "घरात भांडण कोन्त्या टायमाले होते?" मी म्हणालो, आमच्यात भांडणं होत नाहीत. त्याच वेळी वैशाली म्हणाली, "साडेअकराला." काकांनी तिचं उत्तर लिहिलं. "म्हंजे अकराले खानं. बर्फावर उपाशी माणूस लय बोलते," ते म्हणाले. त्यानंतर मी घरी लक्ष ठेवलं. वेळ साडेअकराचीच निघाली.

काका राजूरच्या बाजूच्या एका भूमिगत कोळसा खाणीत ओव्हरमन होते. म्हणजे पाळीत खाली उतरलेली माणसं यांच्या जिम्म्यावर. किती उतरली, किती वर आली, मधे कोण कुठे गेला, हे या माणसाला पाठ असावं लागतं. चौतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. निवृत्त झाल्यावर ही सवय कुठेतरी लावायला हवी होती. लग्नाच्या पंगतीत ते ताटं मोजत. एसटीत बसले की माणसं मोजत आणि गाडी राळेगावला चहासाठी थांबली की सुटताना पुन्हा मोजत. एकदा त्यामुळे एक म्हातारी मागे राहता राहता वाचली, असं कंडक्टरनेच मला सांगितलं.

पण मोजायला बर्फच का निवडला, हे मला बरेच दिवस कळलं नाही. ते कळलं इकबालभाईंकडून. इकबालभाई म्हणजे ट्रकच्या कमानपाट्यांचे मिस्त्री, काकांचे शेजारी आणि त्यांचे एकमेव जिवलग. खाणीत जिथे डोक्यावरचे दिवे मिळतात त्या खोलीत फार वर्षांपूर्वी एक कॅलेंडर होतं. जानेवारीच्या पानावर बर्फात आईबाप आणि दोन मुलं, पायात पट्ट्या, आणि आई आडवी पडून हसते आहे. काकू एकदा विसरलेला डबा द्यायला तिथवर गेल्या होत्या. त्यांनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "पडली तरी हासून राह्यली ना हे बाई! असं एकदा जाऊन पाहाले पायजे." एवढंच. नंतर त्या ते विसरूनही गेल्या. काकांनी मात्र ते मागणीपत्रासारखं जमा करून घेतलं आणि निवृत्तीनंतर हातात घ्यायचं म्हणून ठेवून दिलं.

निवृत्तीला आठ महिने उरले असताना त्यांच्या छातीने दगा दिला. धूळ बसली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, उंचावर जायचं नाही. काकांनी विचारलं, किती उंच? डॉक्टर म्हणाले, तुमच्या बाबतीत दुसरा मजला. मनालीच्या वरचं सोलंग दुसऱ्या मजल्यापेक्षा बरंच वर आहे. तेव्हा काकांनी ठरवलं की आपण नाही तर नाही, काकूंनी जावं. आणि काकूंनी ठरवलं की काका नाहीत तर आपणही नाही. दोघांचाही निर्णय अंतिम होता, आणि दोघं एकाच घरात राहत होते.

"तुमी येत असान तं मी येतो," काकू म्हणत. "तुमी इथं खोकत बसान अन मी तिथं घसरून राह्यली, हे बरं दिसते काय?" मग हळूच खरं कारण निघे, "वाफेची मशीन कोन लावन? गोया कोन देईन?" इकबालभाई म्हणाले, मी देतो. काकू म्हणाल्या, "त्याईच्या वरनात मीठ किती टाकाव लागते, मालूम आहे काय तुमाले?" इकबालभाईंना मालूम नव्हतं. विषय तिथे संपला.

काकांनी वाद घातला नाही. त्यांचा हिशेब वेगळा होता. ही बाई घाबरत नाही, पण जोखीम मोजते, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा बर्फाची सहल इतकी साधी आणि बिनधोक करायची की काकूंकडे नाही म्हणायला जागा उरू नये. त्यासाठी ते दुसऱ्यांची कुटुंबं पाठवायला लागले. आधी इकबालभाईंचं, मग एका कापड दुकानदाराचं, मग खाणीतल्या कामगारांची. सगळी नवशिकी, सगळी मुलाबाळांसकट. प्रत्येक कुटुंब परत आलं की ओट्यावर बसून जबानी द्यायची आणि काका ती वहीत उतरवायचे. मग स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन ती मोठ्याने वाचायचे. आतून "हो काय" असं यायचं, आणि फोडणीचा आवाज.

काकांचे नियम मी आजही कोणाकोणाला सांगतो. पोचल्या दिवशी बर्फाला हात लावायचा नाही. बसायचं, पाणी प्यायचं, उंचीची सवय होऊ द्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तास, बस्स. दुपारी थकलेलं माणूस पडतं आणि संध्याकाळी घरच्यांना बोलतं. भाड्याचे बूट घालून दहा मिनिटं दुकानातच उभं राहायचं. नंतर चावतील ते तिथेच चावू द्यायचे. नवऱ्याने बायकोला शिकवायचं नाही. बायकोने नवऱ्याला शिकवायचं तर मुळीच नाही. शिकवायला तिथला माणूस असतो, आणि काकांनी फोनवर फोन करून असा एक माणूस धरून ठेवला होता, ठाकूर नावाचा, पन्नाशीचा, ज्याला कधीही ओरडायची सवय नाही याची खात्री करून घेतली होती. घरातल्या एखाद्याला घसरायचंच नसेल तर त्याच्या हातात थर्मास द्यायचा. "ज्याले काम नसते, थो सल्ला देते," काका म्हणत. आणि संध्याकाळी फोन. फोनवर आधी गिनती. "तीन गेलो, तीन आलो" हे ऐकल्याशिवाय ते मजा आली का, हे विचारत नसत.

जाण्याआधी महिनाभर दर रविवारी तालीम असे. पहिली तालीम पडण्याची. ती कापसाच्या एका जिनिंगमध्ये, सरकीच्या ढिगावर. जिनिंगचा मालक काकांच्या ओळखीतला. त्याची एकच अट होती की जाताना कपडे झटकून जायचं, सरकी खिशातून जाता कामा नये. आम्ही तिघं रांगेत उभे राहून कुशीवर पडायला शिकलो. हात मागे टेकवायचे नाहीत, गुडघे जवळ घ्यायचे, पडलो की आधी हसायचं नाही आणि रडायचंही नाही, आधी पाय कुठे आहेत ते पाहायचं. ओवीला हे चार मिनिटांत आलं. मला तीन रविवार लागले. काकांनी वहीत लिहिलं, भूगोल शिक्षक : वेळ लागतो.

दुसरी तालीम घसरण्याची, इकबालभाईंच्या वर्कशॉपमागच्या उतारावर. इकबालभाईंनी शेतातले पाण्याचे प्लास्टिकचे पाइप उभे चिरले, गरम करून सपाट केले, टोकं वर वळवली आणि त्याला जुन्या ट्यूबचे पट्टे लावले. खाली ताडपत्री, आणि ताडपत्रीवर डागी सोयाबीन, म्हणजे पावसात भिजून काळं पडलेलं, बाजारात कोणी हात लावणार नाही असं. सोयाबीनवर पाय टिकत नाही हे इकडे लहान मुलालाही माहीत असतं. पण पहिल्याच वेळी काकू मधे आल्या. "डागी असो का कसं बी असो, धान्य आहे. धान्यावर पाय देऊन राह्यले तुमी?" काकांनी वही चाळून पाहिली. याचं उत्तर वहीत नव्हतं. मग काकूंनीच तोड काढली. आधी वाकायचं, सोयाबीनला हात लावून कपाळाला लावायचा, मग पाय ठेवायचा. इकबालभाई त्या जागी बिस्मिल्ला म्हणत. थांबण्यासाठी पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची आणि मागे फाकवायची, तिकोनी आकार करायचा. त्याला काका समोसा म्हणत, कारण तो सगळ्यांना समजतो.

या सवयीचा परिणाम आम्ही सोलंगला पोचलो तेव्हा दिसला. आमच्याबरोबर वणीचीच आणखी दोन कुटुंबं होती. दहाही जण उतारासमोर गेले, वाकले, बर्फाला हात लावून कपाळाला लावला आणि मग पट्ट्या चढवल्या. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. मीही वाकलो होतो हे मला बोटं गार पडल्यावर कळलं. शेजारी दिल्लीचा एक घोळका होता, त्यांनी विचारलं, इथे काही देवस्थान आहे का? ठाकूर म्हणाला, नाही, हे लोक वणीचे आहेत. त्याला ते एव्हाना सवयीचं झालं होतं.

परत आल्यावर आमची जबानी झाली. काकांनी विचारलं, "बर्फावर सावली कोन्त्या रंगाची पडते?" मी म्हणालो, काळी. ओवी म्हणाली, "निळी." काकांनी निळी लिहिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या बावीस वर्षांच्या पगाराची लाज वाटली. आमच्याबरोबर आलेला बोढे नावाचा ट्रकवाला तालमीला न येता थेट सोलंगला आला होता, घाटात गाडी चालवतो म्हणून; उतारासमोर वाकला तोही आमचं पाहून. तो पहिल्याच खेपेला उलट्या तोंडाने उतरला आणि चहावाल्याच्या बाकावर येऊन बसला. बसल्याबसल्या त्याने चहा मागितला, त्यामुळे बऱ्याच लोकांना वाटलं की त्याला तिथेच यायचं होतं. काकांनी त्याची पूर्ण हकिगत ऐकून एका ओळीत लिहिली, ट्रक चालवता येणे : उपयोग नाही. त्या पानावर अशा नोंदी खूप होत्या. जाड माणूस : हरकत नाही. भित्रा माणूस : उत्तम. नवीन लग्न झालेले : वेगवेगळे शिकवावे.

त्यानंतर मी दर रविवारी त्यांच्या ओट्यावर जायला लागलो. वही धरायला कोणीतरी हवं होतं, कारण काकांना बोलताना धाप लागायची आणि लिहिताना बोलता येत नसे. मला तो माणूस आवडायला लागला होता, हे सरळ सांगतो. ज्याला जाता येत नाही त्याने दुसऱ्यांची वाट एवढी झाडून ठेवावी, आणि त्याबद्दल एकदाही स्वतःची कीव करू नये, असं मी दुसरं कोणाकडे पाहिलं नाही.

मग ऑक्सिजनचं यंत्र घरी आलं. कोपऱ्यात घूं घूं करत बसायचं. नळी नाकापासून यंत्रापर्यंत होती आणि ओट्याच्या बाकापर्यंत जेमतेम पोचायची. "आता आपली हद्द सतरा फूट," काकांनी मला मोजून सांगितलं. त्या दिवशी काकू आत गेल्यावर ते म्हणाले, "सर, टाइम कमी आहे. अवंदा हिले पाठवाचंच." मी विचारलं, त्या ऐकतील? ते म्हणाले, "फिराले नाही जाणार थे. कामाले जाईन."

पुढच्या रविवारी त्यांनी माझ्यासमोर वही उघडली आणि काकूंना हाक मारली. "काय वं, इकडं ये जरा. हे पाय. लेकरं झाले, बाप झाले, जाडे झाले, बारीक झाले. साठीवरची बाई, हा रकाना कोरा आहे. तीन घरचे लोक विचारून राह्यले, आजीले नेऊ काय म्हणून. मी काय सांगू? कोन्या भरोशावर लोकायच्या आज्या पाठवू?"

काकू बासष्टच्या होत्या. त्यांनी वहीत पाहिलं. रकाना खरंच कोरा होता. त्या पदराने हातातल्या ताटाची कड पुसत राहिल्या.

"पाठवू नका आज्या," त्या म्हणाल्या.

"कारन लिहाव लागते. मनाचं लिहिता येत नाही."

"तुमी लबाड आहा."

"असन. पण रकाना कोरा आहे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. शेवटी त्या म्हणाल्या, "कामाले जातो मी. मजेले नाही. पाहून येतो, सांगतो, झालं." मग त्यांनी इकबालभाईंना बोलावलं आणि सलग तीन दिवस वरण करायला लावलं, मिठासकट. तिसऱ्या दिवशीचं वरण काकांनी मुकाट्याने खाल्लं तेव्हा त्यांचं जाणं नक्की झालं.

काकूंची तालीम अवघड गेली. इकबालभाईंसमोर त्या पडायला तयार नव्हत्या. मग इकबालभाई जिनिंगच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि काकू लुगडं खोचून सरकीत पडल्या, तीनदा, एकही शब्द न बोलता. काका तिथे नव्हते. नळी तिथवर पोचत नव्हती. त्यांनी मला दोन पानं सूचना लिहून दिल्या होत्या. डावा गुडघा दुखतो, ती सांगणार नाही. चहा दोनदा लागतो, ती मागणार नाही. आणि खाली रेघ मारून, 'जमेल' म्हणू नये, 'नको' म्हणावे.

या वेळी आम्ही तिघं आणि काकू, असे चौघंच गेलो. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, आकाश मोकळं होतं. पहिला दिवस नियमाप्रमाणे बसून काढला. काकू हॉटेलच्या खिडकीला पाठ करून बसल्या. काम उद्याचं आहे, आज कशाला पाहायचं, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी सकाळी उतारासमोर आल्या आणि वाकल्या. दोन्ही हात बर्फाला लावले, कपाळाला लावले. मग आमच्याकडे पाठ करून चिमूटभर बर्फ तोंडात टाकला. मी पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

ठाकूरने त्यांच्या पट्ट्या बांधल्या. मी सूचनेप्रमाणे म्हणालो, "काकू, नको. राहू द्या." काकू म्हणाल्या, "तुमी थर्मास धरा सर." आणि निघाल्या. उकळतं दूध चुलीवरून उतरवून नेताना बाई जशी चालते तशा, हळू, सरळ, कुठेही न लवंडता त्या खाली आल्या, समोसा केला आणि ठाकूरच्या समोर हातभर अंतरावर थांबल्या. पडल्याच नाहीत. पडण्याचा सगळा अभ्यास वाया गेला. "आखीन एकदा," त्या म्हणाल्या. दुसऱ्यांदा उतरताना त्या काहीतरी बोलत होत्या, मला वाटलं देवाचं नाव असेल. ओवी त्यांच्या बाजूने उतरत होती, तिने सांगितलं, "आजी नुसतं बापा बापा बापा म्हणत होती." तिसऱ्यांदा त्या हसत होत्या, तोंडाला पदर नव्हता. वैशालीने मोबाईलवर ते टिपलं. त्या सहा वेळा उतरल्या. अकरा वाजले, खाण्याची वेळ झाली, तरी उतारावरून हलायला तयार नव्हत्या.

सहाव्यांदा खाली आल्यावर त्या बाकावर बसल्या आणि काळा चष्मा न काढता रडायला लागल्या. वैशालीने पाठीवर हात ठेवला. काकू म्हणाल्या, "हे त्याईचं होतं वं. त्याईनं जमवलं सारं, अन मी वापरून टाकलं." ओवीने त्यांना थर्मासमधला चहा दिला. चहा झाल्यावर काकूंनी आम्हा तिघांना समोर उभं केलं. "घरी गेल्यावर यातलं काही सांगाचं नाही. फोटो नाही, काही नाही. आपलं काही हुकलं, असं त्याईले वाटाले नाही पायजे." संध्याकाळी फोनवर त्या म्हणाल्या, "चार गेलो, चार आलो," आणि फोन माझ्या हातात दिला.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी जबानी झाली. काका बाकावर, नळी नाकात, काकू समोर पाटावर, मी वही धरून. एरवी सगळ्यांकडे मागत तसा या वेळी काकांनी व्हिडिओ मागितला नाही. खरं तर तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

"कसं आहे?" काकांनी विचारलं.

"काही नाही जी. नुसती थंडी. पांढरंच पांढरं, पाहून डोये दुखते."

"पायाखाली आवाज येते काय?"

"नाही येत."

"तोंडात टाकला?"

"मी कायले बर्फ खाऊ? मी काय लेकरू हाओ?"

"किती डाव उतरली?"

"एक. थेही या पोट्टीनं हट्ट धरला म्हणून. आज्या-बिज्या पाठवू नका कोनी. काही हुकलं नाही तुमचं."

काका माझ्याकडे वळले. "बरोबर काय, सर?" मी वर्गात मुलांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं करतो. मी म्हणालो, "बरोबर." काकू चहा करायला आत गेल्या. काकांनी वही माझ्या हातातून घेतली आणि स्वतः लिहिलं, साठीवरील महिला : हरकत नाही.

मी म्हणालो, "काका, त्या तर पाठवू नका म्हणाल्या." काकांनी एक श्वास पूर्ण केला, मग दुसरा. "साहा डाव उतरली," ते हळू आवाजात म्हणाले. "ठाकूरनं त्याच दिवशी फोन केलता. म्हणे, माताजी हासून राह्यली होती, मंग रडून राह्यली होती." मी विचारलं, मग विचारलंत कशाला? काका स्वयंपाकघराकडे पाहत होते. तिथे कपबशांचा आवाज येत होता. "बेचाळीस वर्सं झाले लग्नाले," ते म्हणाले. "वरनात मीठ कमी पडलं तं सोता येऊन सांगते, कमी पडलं म्हणून. खोटं येतच नाही तिले. आज माह्याकरता बसून येवढं बोलली. म्या कायले मधात तोडू? हे लिहू नका." मी लिहिलं नाही. चहा आला. काकांनी तो बशीत ओतून सावकाश संपवला आणि काकूंना म्हणाले, बरं झालं, रकाना भरला.

त्याच पावसाळ्यात काका गेले. यंत्र चालूच होतं, ते थांबले. त्यांना न्यायला सगळी एकोणीस कुटुंबं आली होती. मी नकळत मोजायला लागलो आणि मधेच थांबलो, कारण मला पुढचं नीट दिसेना.

दोन-अडीच महिन्यांनी मी काकूंकडे गेलो. काकांचा बाक तिथेच होता, त्या त्याच्याजवळ खाली बसून तूर निवडत होत्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मान वर न करता त्या म्हणाल्या, "सर, म्या त्याईच्यासंगं खोटं बोलली. जीव लागत नाही आता. सांगाले पायजे होतं काय?"

काकांनी मला लिहू नका म्हटलं होतं, बोलू नका म्हटलं नव्हतं. शेवटी सांगून टाकलं, "काकू, त्यांना माहीत होतं. ठाकूरने आधीच सांगितलं होतं. सहा वेळा उतरलात, हसलात, रडलात, सगळं."

काकूंचा हात सुपात थांबला. "मालूम होतं? अन तसेच बसले आयकत?"

"हो. तुम्ही त्यांच्यासाठी बोलत होतात म्हणून."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं आता रडतील. रडल्या नाहीत. चिडल्याच होत्या थोड्या. "मंग खरं आयकाचं राह्यलंच ना त्याईचं," त्या म्हणाल्या. "ठाकूरले काय मालूम, त्यानं तं फक्त हासणं-रडणं पाह्यलं." मग पाय दुमडून नीट बसल्या, पदर सारखा केला, आणि माझ्याकडे नाही, बाकाकडे तोंड करून बोलायला लागल्या.

"आवाज येते," त्या म्हणाल्या. "कोऱ्या लुगड्याची घडी मोडतानी येते ना, तसा येते."